अकरावी फाईल

१

आवाज येत नाही म्हणून लोक माझ्याकडे कॉम्प्युटर आणतात, तेव्हा दहातल्या सहा वेळा दोष वायरीत असतो. दोन वेळा कुणीतरी आवाज बंद करून ठेवलेला असतो आणि ते विसरलेलं असतं. उरलेल्या दोन वेळांसाठी मला डोकं चालवावं लागतं. लोणावळ्यात, वलवणला, घराच्या पुढच्या खोलीत मी हे काम चौदा वर्षं करते आहे. त्याआधी पुण्यात एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण करायचे. वडील आजारी पडले म्हणून परत आले आणि ते गेल्यावरही इथेच राहिले. सकाळी दहाला दार उघडते, संध्याकाळी सहाला लावते. बंगल्यांतले बिघडलेले कॉम्प्युटर, लग्नाच्या कॅसेटी, भजनी मंडळांच्या सीड्या असं काय काय येत असतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी भाजे गावाहून बापलेक आले. वडील कोंडाजी, पासष्टीचे, हाडापेराने मजबूत. मुलगी कोमल, चोवीस-पंचवीसची, तळेगावला एका कंपनीत कामाला. गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर कोंडाजींनी स्वतःच उचलून आणला आणि टेबलावर असा ठेवला, की जणू आत कुणी झोपलं आहे.

"यात आईचा आवाज आहे," कोमल म्हणाली. "अकरा रेकॉर्डिंग आहेत. कॉलेजला असताना भाताच्या जुन्या जातींवर माझा प्रोजेक्ट होता, तेव्हा तिला बोलतं केलं होतं. आता एकही वाजत नाही."

"आई कधी..."

"येत्या आषाढात दोन वर्षं होतील."

"आवणीला गेलती," कोंडाजी म्हणाले. आवणी म्हणजे आमच्याकडची भातलावणी. "दुपारची बांधावर टेकली. मी जाऊन बघतो तर संपल्याली." एसटीची वेळ सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. मग गोधडीची घडी घालत म्हणाले, "ताई, मला निस्तं तिचं बोलनं ऐकायचंय. काय बी आसू द्या. मला शिव्या दिल्या आसल्या तरी चालंल."

मी म्हटलं, शुक्रवारी या.

२

दहा फायलींचं काम अर्ध्या तासात झालं. कोमलने वापरलेला रेकॉर्डिंगचा प्रोग्राम जुना होता, त्याची भाषा आताच्या कॉम्प्युटरला कळत नव्हती. मी फायली बदलून घेतल्या आणि कोमलची आई, झुंबरबाई, माझ्या खोलीत बोलायला लागल्या.

आवाज थोडा खरखरीत, हसायला तयार असलेला. "आंबेमोर शिजला की चार घरं पल्याड कळायचं. आता इंद्रायणी पेरत्यात समदी. ती बी चांगली, पन तिला वास बेताचा." मध्येच कोमलचा प्रश्न, मध्येच कोंबडीला हाकलणं. एका ठिकाणी दुरून कोंडाजी काहीतरी विचारतात आणि बाई म्हणतात, "फडताळात हाय, वरल्या. डोळं उगडून बघा." मी ते दोनदा ऐकलं. कोंडाजींना ते पुरेल, असं वाटलं.

अकरावी फाईल वाजली नाही. लांबी दाखवत होती शून्य.

असं होतं. रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली तर फाईल नीट बंद होत नाही. शेवट लिहायचा राहून जातो, आणि शेवट नसलेली फाईल कॉम्प्युटर वाजवत नाही. आत आवाज असतो, फक्त त्याला कुठे थांबायचं ते ठाऊक नसतं. आपण हाताने शेवट लिहून द्यायचा, की झालं.

दुपारच्या सुट्टीत कोमलचा फोन लागला.

"अकरावी त्याच दिवशीची आहे," ती म्हणाली. "पावणेदोनला चालू केली. पाचच मिनिटांत लाईट गेली. आई म्हणाली, जाऊ दे, भाताचं एक खाचर राहिलंय तेवढं उरकून येते, मग पुढचं सांगते."

"म्हणजे पाच मिनिटांचंच रेकॉर्डिंग?"

"हो. का?"

माझ्या समोर फाईलचा आकार होता. बाकीच्या दहा मिळून सत्तर एमबी भरत नव्हत्या. अकरावी एकटी पंचाहत्तर जीबीची होती.

३

खराब डिस्क वाटेल ते आकडे दाखवते. मी ती कॉम्प्युटरमधून काढली, माझ्या मशीनला जोडली आणि तपासली. डिस्क ठणठणीत होती. आकडा तोच होता. नाही, तोच नव्हता. थोडा वाढला होता.

फाईलवर शेवटचा बदल कधी झाला ती वेळ लिहिलेली असते. तिथे आजची तारीख होती आणि चार वाजून दहा मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पुन्हा फाईलकडे पाहिलं, तर चार अकरा.

व्हायरस असेल, म्हटलं. माझ्याच मशीनमधलं काहीतरी त्यात लिहीत असेल. वायर काढली, डिस्क प्लॅस्टिकच्या डबीत घातली आणि टेबलाच्या खणात ठेवून दिली. वीज नाही, वायर नाही, खणाला किल्ली.

मंगळवारी सकाळी दहाला जोडली. शेवटचा बदल: सकाळी दहा. मधल्या साऱ्या तासांचा आवाज आत भरला गेला होता.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. झुंबरबाईंच्या बाकी रेकॉर्डिंगमध्ये एका तासाला किती जागा लागली ते काढलं आणि पंचाहत्तर जीबीला त्याने भागलं. उत्तर आलं ते दिवसांत मोडलं आणि कॅलेंडरवर बोट ठेवून मागे मोजत गेले. जुलै, चौदा तारीख, दुपारी पावणेदोनच्या आसपास. एकोणीस महिने तो कॉम्प्युटर भाज्यात गोधडीखाली बंद पडून होता, आणि रेकॉर्डिंग एक मिनिटही थांबलेलं नव्हतं.

मी उठून खिडकी उघडली. समोरच्या चिक्कीच्या दुकानात पर्यटकांची गर्दी होती. मला त्या गर्दीचा फार आधार वाटला.

४

शेवट नसलेली फाईल पूर्ण वाजत नाही, पण तिचा लहान तुकडा कापून त्याला चांगल्या फाईलचं डोकं चिकटवलं तर तेवढा तुकडा ऐकता येतो. बुधवारी दिवसभर दुसरं काम बाजूला ठेवून मी तेच केलं.

पहिला तुकडा सुरुवातीचा. कोमल विचारते, "आई, कोळंबा भात कधी काढायचा?" बाई सांगायला लागतात. मग "गेली बघ लाईट," आणि हसणं. भांड्याचा आवाज. चपला. दार.

कोमलचा माईक घरात होता. पण आवाज दाराबाहेर गेला. पाऊस मोठा झाला, प्लॅस्टिकच्या कागदावर पडणारा पाऊस, आणि त्या कागदाखाली चालणाऱ्या बाईचा श्वास माझ्या कानाशी.

दुसरा तुकडा मी त्या वर्षीच्या दिवाळीतला घेतला. दिवाळीत मावळात भात कापून झालेला असतो, पाऊस संपलेला असतो. तुकड्यात पाऊस होता. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज, पाण्यात हात बुडाल्याचा, पुन्हा पाय. चार रोपं लावायची, एक पाऊल मागे. चार रोपं, एक पाऊल. मी स्टुडिओत वीस वाद्यांचे ताल वेगळे करायला शिकले आहे. हा ताल एका माणसाचा होता आणि तो माणूस दमलेला होता.

पुढच्या मे महिन्यातला तुकडा तसाच. गेल्या दसऱ्याचा तसाच. कालचा तसाच.

दुरुस्तीचा प्रोग्राम मला रोज एकच प्रश्न विचारत होता: ही फाईल अजून लिहिली जात आहे, बंद करायची का? हो म्हटलं असतं तर शेवट लिहिला गेला असता आणि तो ताल थांबला असता. बाईंची सुटका झाली असती की त्या नाहीशाच झाल्या असत्या, मला कळेना.

खरं सांगायचं तर मी त्यांच्यासाठी थांबले नाही. स्टुडिओत बारा वर्षं मी लोकांचे आवाज टिपले आणि माझ्या वडिलांचा एक शब्दही माझ्याकडे नाही. ते होते तोवर कधी सुचलंच नाही. कुणाचा तरी आवाज चालू आहे, आणि माझ्या हाताने तो बंद करायचा, हे माझ्याच्याने झालं नाही.

५

शुक्रवारी कोंडाजी एकटेच आले. कोमल कामावर होती. मी दहा रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर भरून ठेवली होती, अकरावी खराब निघाली असं सांगायचं ठरवलं होतं.

त्यांनी पहिलं रेकॉर्डिंग गुडघ्यांवर हात ठेवून ऐकलं. फडताळाचं वाक्य आलं तेव्हा टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "धाच झाली. कोमल म्हनली अकरा हायती."

मला खोटं बोलता येत नाही असं नाही. त्यांच्यासमोर जमलं नाही. मी डिस्क जोडली आणि फाईलच्या अगदी टोकाचा भाग स्पीकरवर लावला. प्रोग्राम टोकाचे तुकडे ओळीने उचलत होता. मागे पडत होता तो जेमतेम अर्धं मिनिट.

पाय. पाणी. चार रोपं, एक पाऊल.

कोंडाजी ताठ बसले. "आवणी चाललीया," म्हणाले. थोडं ऐकून, "ही तीच. उजव्या पायाव भार दिऊन चालती. डावा गुडगा दुकतो तिचा." मग माझ्याकडे वळले. "कवाचं हाय ह्ये?"

"आत्ताचं," मी म्हटलं.

कसं, का, काहीच त्यांनी विचारलं नाही. खुर्ची स्पीकरजवळ ओढली आणि दाराबाहेरून हाक मारावी तशी मारली, "अगं ए. झुंबर."

डिस्कला माईक नसतो. माझ्या मशीनचाही माईक काढलेला होता. मी मनाशी हेच म्हणत होते आणि अर्धं मिनिट गेलं.

पावलं थांबली. पाणी ठिबकण्याचा आवाज तेवढा राहिला.

"अवं," झुंबरबाई म्हणाल्या.

दचकल्यासारखं नाही. बांधावरून कुणी हाक दिल्यावर कंबर सरळ करत बाई बोलते तसं.

"कुटं हाईस?"

पुन्हा ती वाट बघायला लावणारी शांतता. "हितंच की, वरल्या खाचरात. कवाधरनं वाट बघतीया. भाकरी आनली का?"

"न्हाई."

"मंग निस्तंच आला व्हय?" त्या हसल्या. कोंडाजीही हसले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

"किती ऱ्हायलंय?" त्यांनी विचारलं.

या वेळी उत्तर यायला जास्त वेळ लागला.

"सरत न्हाई वो. लावत जाती, मागं वळून बघती तर समदं मोकळंच. एकटीला उरकत न्हाई."

माझा हात डिस्कच्या वायरकडे गेला. मी ती ओढणार होते का, मला माहीत नाही.

"तुमच्याशेजारी कोन बसलीय?" स्पीकरमधून आवाज आला. "तिला म्हनावं, थांब जरा."

मी हात काढून घेतला. कोंडाजी उभे राहिले, टोपी घातली, मला हात जोडले. "लय उपकार झाले, ताई." पेन ड्राइव्ह टेबलावरच राहिला. मी तो घेऊन मागे धावले तर म्हणाले, "कोमलला द्या." स्पीकरमध्ये पावलं पुन्हा सुरू झाली होती. साडेतीन वाजले होते.

कोमलच्या कंपनीत फोन गेटवर जमा करतात, दुपारची सुट्टी सोडली तर मिळत नाहीत. सहा वाजता ती बाहेर आली तेव्हा मी तिला एवढंच सांगितलं, की तुझे आबा आज फार हळवे झाले होते, त्यांच्याकडे बघ. तिने घरी पोचल्यावर उलट फोन केला. आबा ठीक आहेत, जेवले, उद्यासाठी दोन भाकरी जास्त कर म्हणाले.

"कुठे जायचंय त्यांना?"

"शेतावर, म्हणाले. फेब्रुवारीत तिथे काय आहे कोण जाणे."

मी तेव्हा सगळं सांगू शकले असते.

६

शनिवारी सकाळी अकराला तिचा फोन आला.

सातला फडक्यात भाकरी बांधून ते निघाले होते. नऊला शेजारचा सोपान गुरं घेऊन वरच्या अंगाला गेला, तेव्हा ते बांधाला पाठ टेकून बसलेले दिसले. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं.

मी भाज्याला गेले. माणसं जमली होती. कोमलने मला मागच्या पडवीत नेलं आणि हळू आवाजात विचारलं, "ताई, तुमच्याकडे आले होते तेव्हा त्यांचे पाय कसे होते?"

"कसे म्हणजे?"

"गुडघ्यापर्यंत चिखल होता. ओला. मी धुतला."

कुणाच्या तरी पाटाचं पाणी असेल, मी म्हटलं. ओढ्यात उतरले असतील. ती मान हलवत राहिली. परतण्याआधी मी सोपानला घेऊन त्या वरच्या खाचराकडे गेले. कापणी होऊन तीन महिने झाले होते. भाताचे खुंट वाळून टोचत होते, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. ओढा कोरडा होता. खाली मळवलीकडून महामार्गाची घरघर ऐकू येत होती, बाकी काही नाही.

घरी येऊन डिस्क जोडली. शेवटचा बदल: सकाळी आठ वाजून वीस मिनिटं. पाच मिनिटं बघत बसले. आठ वीसच.

मी फाईलवर क्लिक केलं आणि ती वाजायला लागली, साध्या फाईलसारखी, सुरुवातीपासून. कोळंबा भात कधी काढायचा? लांबी दाखवत होती तेरा हजार नऊशे चौदा तास. कुणीतरी शेवट लिहिला होता.

मी फक्त अखेरची काही मिनिटं ऐकली. तिथे ताल दोघांचा होता. कुणी घाई करत नव्हतं. मग पावलं थांबली, फडकं सोडल्याचा आवाज आला, भाकरी मोडल्याचा. झुंबरबाई म्हणाल्या, "आलं बगा होत." त्यानंतर पाऊस कमी कमी होत गेला. मी कान स्पीकरला लावला होता, तरी तो नेमका कधी थांबला ते मला कळलं नाही.

७

तेरावा झाल्यावर कोमल कॉम्प्युटर न्यायला आली. मी तिला सगळं सांगितलं, शुक्रवारचं बोलणंसुद्धा. ती चिडेल, रडेल, मला वेडी म्हणेल अशी माझी तयारी होती. तिने फक्त विचारलं, "केवढं आहे?"

"एकोणीस महिन्यांचं. पण सगळं ऐकायची गरज नाही. हे बघ, इथे धरून पुढे ओढलं की थेट शेवटी जाता येतं. आबा तिथे आहेत."

"पुढं न्हाई ओढायचं," ती म्हणाली. माझ्याशी ती नेहमी शहरी बोलायची. त्या दिवसापासून तिची बोली बदलली. "ती येवढे दिस एकटी हुती. मी पुढं ढकलून जाऊ व्हय?"

तिने मार्चच्या दोन तारखेला फाईल सुरू केली. वीज गेली तर थांबायला नको म्हणून इन्व्हर्टर बसवला. एप्रिलमध्ये कळलं की नोकरी सोडली. मी फोन करायचे तेव्हा तिच्या मागे पाऊस ऐकू यायचा, बाहेर ऊन रणरणत असताना.

मेच्या मध्यावर एका दुपारी तिने फोन उचलला, दोन वाक्यं बोलली आणि अचानक, "आले, आले गं," म्हणून फोन तसाच टाकून गेली. पलीकडे नुसती पावलं वाजत होती, चिखलातली. मी हाका मारल्या. कुणी आलं नाही. मी दाराला कुलूप लावलं आणि रिक्षा करून भाज्याला गेले.

कोमलनेच दार उघडलं. मी आधी तिचे पाय पाहिले. कोरडे होते. चुलीवर चहा उकळत होता. खोलीत कॉम्प्युटरचा पडदा बंद होता, आवाज चालू होता. चार रोपं, एक पाऊल. भिंतीला गादी लावलेली होती आणि तिच्यावर शिवणकाम पसरलेलं.

"फोन मध्येच का टाकलास? माझा जीव गेला."

"हाक आली ना," ती म्हणाली.

"कुणाची?"

"बसा. यील परत. दुपारची ती दोन-तीनदा हाक मारती."

आम्ही चहा घेतला. तिने दोन ब्लाउज शिवून दिल्याचं सांगितलं, घरबसल्या काम बरं पडतं म्हणाली. बोलताना तिचा एक कान पलीकडेच होता. पाऊण तास गेला असेल. पावलं थांबली. पाणी ठिबकलं.

"कोमे," झुंबरबाईंनी हाक मारली. "ए कोमे."

"ओ," कोमल म्हणाली. "आले गं."

आवाज क्षणभर थांबला. मग कुणीतरी समाधानाने श्वास सोडावा तसा आवाज आला आणि पावलं पुन्हा सुरू झाली.

मी स्वतःला बजावलं की हे रेकॉर्डिंग आहे. जे वाजतं आहे ते दोन वर्षांपूर्वीच्या सप्टेंबरातलं आहे, बंद झालेलं आहे. त्याला काही ऐकू येत नाही. ती थांबण्याची जागा तेव्हाच त्यात होती.

"तवा मी कंपनीत हुते ना, ताई," कोमल म्हणाली. "नवीन नोकरी. घरी कुनी नसायचं. रोज हाक मारायची आन कुनी ओ द्यायला न्हाई."

"कोमल, हे किती दिवस करणार तू?"

तिने सुईत दोरा ओवला, गाठ मारली. तिचा चेहरा शांत होता, आणि मला त्या शांततेची भीती वाटली आणि हेवाही.

"आबा यायला अजून सतरा महिने हाईत," ती म्हणाली. "तवर कुनीतरी घरी पायजे."

मी उठायला हवं होतं. रिक्षा बाहेर थांबलेली होती. मी रिक्षावाल्याला जा म्हणून सांगितलं आणि आत येऊन तिच्याशेजारी गादीवर बसले, पुढच्या हाकेपर्यंत.